परत केलेलं रक्त

जपानमधल्या त्या मोठ्या भूकंपानंतरच्या वर्षी आम्ही टोकियोतल्या फुनाबोरीला राहायला आलो. बरीच भारतीय कुटुंबं तेव्हा मायदेशी निघून गेली होती, घरं रिकामी होती आणि नवऱ्याच्या कंपनीला माणसं मिळत नव्हती. माझ्या आईनं फोनवर स्पष्ट विचारलं, "सगळं जग तिथून पळतंय आणि तुम्ही लेकराला घेऊन तिकडे निघालात?" मी तिला ठसक्यात काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आता आठवत नाही, ठसका तेवढा आठवतो. माझं निम्मं आयुष्य अशा ठसक्यात गेलं आहे.

मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. पहिला हिवाळा सरता सरता ती तापली आणि ताप काही उतरेना. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी आधी सर्दीचं औषध दिलं. मग डोळे लाल झाले, जीभ लालबुंद झाली, अंगावर पुरळ आलं. मी आपली गोवर धरून बसले होते. तळहात सुजले तेव्हा मात्र डॉक्टरांनी तिची जीभ पुन्हा एकदा पाहिली आणि स्वतःच फोन करून आम्हाला मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. लहान मुलांचा आजार, इथल्याच एका डॉक्टरांनी पहिल्यांदा ओळखलेला. ताप जातो, पण हृदयाच्या रक्तवाहिन्या फुगू शकतात, आणि एकदा फुगल्या की जन्मभराची काळजी. हे मला नवऱ्यानं मराठीत सांगितलं. सांगताना तो माझ्याकडे न बघता मुलीच्या मोज्यांकडे बघत होता.

औषध एकच होतं. रक्तातला लाल भाग काढून जे पिवळसर पाणी उरतं, प्लाझ्मा, त्यातून काढलेलं. असंख्य माणसांच्या प्लाझ्मातून एक बाटली तयार होते म्हणे. बाटली लावायला आलेली नर्स वयानं माझ्याएवढीच होती. तिनं बाटलीवरच्या दोन अक्षरांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "केंकेत्सु." म्हणजे रक्तदान. या देशात अशा बाटलीवर छापलेलं असतं, की आतलं रक्त दान केलेलं आहे की तसं नाही. ती बहुधा मला धीर द्यायला म्हणाली असेल, की हे नीट आहे, चांगलं आहे. मी ते वेगळंच ऐकलं. कुणीतरी, ज्यांना माझ्या मुलीचं नावही ठाऊक नाही, त्यांनी एक पैसा न घेता हे दिलं होतं. थेंब थेंब ते तिच्या हातात जात होतं आणि मी खुर्चीत बसून त्या अनोळखी माणसांना मनातल्या मनात नमस्कार करत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक प्रसंग घडला. आज तो सांगताना मला हसू येतं, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. नवऱ्यानं आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर मेसेज टाकला होता, की मुलीला रक्तातून काढलेलं औषध चढवताहेत. एवढं पुरेसं होतं. आपल्याकडे हॉस्पिटलात कुणाला रक्त चढलं की त्याच्या बदल्यात रक्त द्यायला माणसं उभी करायची असतात, हे आम्ही सगळे लहानपणापासून बघत आलेलो. हिगाशी-कसाई आणि फुनाबोरीतले सहा जण ऑफिस सुटल्यावर तडक आले. खांद्याला लॅपटॉपच्या बॅगा, गळ्यात कंपनीची ओळखपत्रं. नर्सांच्या टेबलासमोर रांगेत उभे राहिले आणि त्यांच्यातल्या सर्वांत बऱ्या जपानीवाल्यानं जाहीर केलं, "आम्ही रक्त द्यायला आलो आहोत. कृपया घ्या."

नर्सांना वाटलं तक्रार आहे. एक जण आत पळाली आणि मोठ्या नर्सबाईंना घेऊन आली. त्या वाकून म्हणाल्या, त्याची गरज नाही. आमच्या मंडळींना इथे येऊन एक गोष्ट पक्की कळली होती, की जपानी माणूस आधी नाही म्हणतो, आग्रह करावा लागतो. म्हणून त्यांनी आग्रह केला. त्या पुन्हा वाकल्या. यांनी पुन्हा आग्रह केला. एकानं तर बाहीची बटणं काढून हात पुढे केला. शेवटी बाईंनी चहापाण्याच्या खोलीत सगळ्यांना बसवून सावकाश समजावलं. हे रक्त कुणीतरी आधीच दिलेलं आहे. त्याच्या बदल्यात काही द्यायचं नसतं. तुमची इच्छा असेल तर स्टेशनजवळ रक्तदानाची खोली आहे, तिथे कधीही जा, ते कुणालातरी उपयोगी पडेल.

"पण आमच्या मुलीच्या नावावर?" जपानीवाल्यानं विचारलं.

"नावावर नाही," बाई म्हणाल्या.

मंडळी खाली जाऊन कॉफी प्यायली आणि घरी गेली. माझ्या माहितीप्रमाणे त्यांच्यातलं कुणीही त्या खोलीत कधी गेलं नाही. मी त्यांना नावं ठेवत नाही. आपल्या माणसासाठी धावत आले होते बिचारे, कुणालातरी म्हणून कोण धावतो? पण मी त्या दिवशी मनाशी ठरवून टाकलं. मुलगी बरी झाली, हृदय शाबूत राहिलं, तर एक पिशवी प्लाझ्मा मी त्या खोलीत जाऊन देईन. एकच तर एकच. कुणाच्याही नावावर नाही, बदल्यात काही न घेता.

मुलगी बरी झाली. बोटांच्या टोकांची साल निघाली, तेवढं एक आठवडाभर दिसत राहिलं. हृदयाच्या तपासण्या पुढे बरेच दिवस चालल्या आणि प्रत्येक वेळी डॉक्टर पडद्यावरून नजर काढून मान हलवेपर्यंत मी श्वास घ्यायला विसरायचे. सगळं ठीक होतं. आता माझी पाळी होती.

ठरवणं सोपं होतं, देणं नाही. त्या खोलीचे नियम मला नवऱ्यानं वाचून दाखवले. पहिला नियम, प्रश्नांची उत्तरं स्वतः जपानीत द्यायची, दुभाष्या चालणार नाही. माझं जपानी तेव्हा कोनबिनीतून, म्हणजे चोवीस तासांच्या दुकानातून, दूध आणि पाव आणण्याइतकं. दुसरा नियम, भारतातून आलेल्यानं मलेरियाच्या कारणानं बराच काळ थांबायचं, आणि मध्ये पुन्हा जाऊन आलं की मोजणी पहिल्यापासून. आम्ही तर दर दिवाळीला जात होतो.

मी दिवाळीला जाणं बंद केलं. नवरा मुलीला घेऊन एकटा जाऊन आला. वॉर्डाच्या ऑफिसात आठवड्यातून दोनदा फुकट जपानी शिकवायचे, तिथे जाऊ लागले. शिकवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. इतर बायका भाज्यांची नावं आणि शाळेत भेटणाऱ्या इतर आयांशी काय बोलायचं ते शिकत होत्या, मी कावीळ, रक्तदाब, दात काढणं हे शब्द पाठ करत होते. बाई हसायच्या. म्हणायच्या, तुम्हाला पालकाची जुडी मागता येत नाही पण यकृत म्हणता येतं. दोघी मिळून आम्ही आरोग्याचे प्रश्न घोकायचो. त्या विचारायच्या, मी नाही नाही नाही म्हणत जायचे. चांगल्या माणसाची सगळी उत्तरं नाही असतात, असं माझ्या डोक्यात बसलं होतं.

दुसऱ्या वर्षी पुण्याला दादाच्या मुलाची मुंज निघाली. मी त्याची एकुलती एक आत्या. दादानं तारीख माझ्या सोयीनं धरली होती. मी नाही म्हटलं. कारण सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "रक्त द्यायला मुंज चुकवतेस? इथे ये, इथे देऊ की. हवं तेवढं घेतात." मी त्याला समजावायला गेले, की इथेच द्यायचं आहे, इथलं घेतलंय. त्याला पटलं नाही. वहिनी तर माझ्याशी पुढे कितीतरी दिवस तुटक बोलायची. मुंजीचा व्हिडिओ मी इथे एकटीनं पाहिला. बटू आत्या आत्या म्हणून कॅमेऱ्याकडे हात हलवत होता. मला वाईट वाटलं, फार वाटलं, पण आतून बरंही वाटत होतं. आपण काहीतरी मोठं करतोय असं. आता त्या बरं वाटण्याचाच मला राग येतो.

त्याच सुमारास एक विद्यार्थिनी आमच्याकडे येऊ लागली होती. टोकियोतल्या एका विद्यापीठात पीएच.डी. करणारी, मूळची नाशिककडची. एका खोलीत राहायची, सुट्टीच्या दिवशी कोनबिनीत पार्टटाइम काम करायची आणि महिन्यातून एखाद्या रविवारी माझ्याकडे भाकरी खायला यायची. मला ताई म्हणायची. भाकरी मोडायच्या आधी ती नेहमी हात जोडून "इतादाकिमास" म्हणायची, म्हणजे 'मी हे नम्रपणे घेते', इथल्या लोकांसारखं, आणि माझी मुलगी तिच्याबरोबर म्हणायची. मला ती फार आवडायची.

एका रविवारी जेवता जेवता ती म्हणाली, "ताई, एक विचारू? तुम्हाला नको वाटलं तर सरळ नाही म्हणा."

तिच्या प्रयोगशाळेत माझ्या मुलीला झाला त्याच आजारावर काम चाललं होतं. बाटलीनं काही मुलं बरी होत नाहीत, ती का होत नाहीत, हा प्रश्न. त्यासाठी हा आजार होऊन गेलेल्या मुलांच्या आयांचा प्लाझ्मा त्यांना हवा होता. जपानी आया होत्या. भारतीय आयांचा एक वेगळा गट करायचा तिचा विचार होता, तिच्या प्रोफेसरांना तो पटलाही होता, पण आया मिळत नव्हत्या.

"काही महिन्यांत तीन-चार वेळा यावं लागेल," ती म्हणाली. "तेवढ्या काळात दुसरीकडे कुठे रक्त, प्लाझ्मा द्यायचा नाही. आणि दर वेळी शारेइ मिळेल."

शारेइ म्हणजे मानधन. पांढऱ्या पाकिटात घालून देतात.

माझा घास तसाच राहिला. "पैसे?"

"हो, म्हणजे तसं फार नाही..."

"मी रक्त विकायला बसलेय का गं?"

हे वाक्य मी कसं म्हटलं ते मला नीट आठवतं, कारण नवऱ्यानं खालून पायानं मला ढोसलं होतं. तिचा चेहरा पडला. पण ती शांतपणे म्हणाली, "विकणं नाही ताई. येण्याजाण्याचा, वेळेचा मोबदला असतो. सगळ्यांना सारखा. तुम्हाला नको तर घेऊन कुणाला देऊन टाका."

"तू फुकट घे ना माझ्याकडून. मग येते."

"फुकट घेता येत नाही. नियम आहे. एकाला दिलं आणि दुसऱ्याला नाही असं चालत नाही."

"मग राहू दे," मी म्हणाले. "मुलीला ज्यांनी दिलं त्यांनी पाकीट घेऊन दिलं नाही. मी घेतलं तर मी काय फेडलं?"

जेवण संपवून तिनं ताट घासून ठेवलं, मुलीबरोबर थोडा वेळ कागदाच्या घड्या घातल्या आणि गेली. दारातून तिला निरोप देऊन आत आले तर नवरा म्हणाला, "तिचं आधी करून टाकायचं होतंस. तुझी खोली कुठे पळून जाणार आहे? आणि तिचं कामसुद्धा याच आजाराचं आहे."

"तुला कळणार नाही," मी म्हणाले.

त्याला कळत होतं. कळत मला नव्हतं. आमच्या शेजारच्या जपानी काकूंना मी बेसनाचे लाडू दिले की दुसऱ्या दिवशी त्या संत्री घेऊन दारात उभ्या राहायच्या. पुढच्या वेळी मी शंकरपाळे दिले, त्यांनी टॉवेल आणला. घेतलेल्याच्या बदल्यात काही दिलं नाही तर त्यांना झोप लागत नसावी. ती संत्री मी आनंदानं खायचे. मी लाडू विकले असं माझ्या कधी मनातही आलं नाही. पण पांढरं पाकीट म्हटल्यावर माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. लाडवांचा हिशोब मला कळत होता, रक्ताचा मी स्वतःपुरता वेगळाच मांडून बसले होते.

त्यानंतर ती दोनदा आली, मग येणं कमी झालं. भांडण असं नव्हतं. तिनंच एकदा फोनवर सांगितलं, की भारतीय आयांचा गट प्रोफेसरांनी बंद केला, माणसं पुरेशी झाली नाहीत. जपानी आयांच्या गटावरच तिचं काम पूर्ण झालं. ओसाकाला एका कंपनीत नोकरी मिळाली आणि ती तिकडे गेली. जाण्याआधी भेटायला आली तेव्हा मुलीसाठी खेळणं आणलं होतं आणि माझ्यासाठी एक सुंदर रुमाल. मी तिला लाडवांचा डबा दिला. दोघी फार नीट वागलो. तेवढ्या नीटपणात जे बोलायचं ते राहून गेलं.

आणि मग एकदाचा माझा दिवस उजाडला. मोजणी पूर्ण झाली होती. शनिवारी दुपारी नवरा आणि मुलगी खाली चौकात थांबले, मी लिफ्टनं वर गेले. ती खोली मी मनात हॉस्पिटलसारखी रंगवली होती. प्रत्यक्षात मऊ सोफे, मोठ्या खिडक्या, खाली स्टेशनातून सुटणाऱ्या गाड्या दिसत होत्या. फुकट सरबतं, फुकट सूप, आइस्क्रीम, कपाटभर कॉमिक्स. एक कॉलेजातला मुलगा पाय पसरून कॉमिक वाचत हसत होता आणि त्याच्या कोपराला पट्टी होती. मला वाटलं, यांच्यापैकीच कुणीतरी असेल. सगळ्यांकडे बघून मला भरून येत होतं.

पडद्यावरचे प्रश्न मी एकटीनं वाचले आणि उत्तरं दिली. एकही शब्द अडला नाही. वजन भरलं, रक्तदाब बरा निघाला. मग डॉक्टरांसमोर बसवलं. वयस्कर, पांढऱ्या भुवयांचे डॉक्टर. माझं जपानी ऐकून ते कौतुकानं म्हणाले, छान बोलता. मला ते पुरलं. मी त्यांना सगळी हकिकत सांगायला लागले, मुलीचा आजार, बाटली, मी का आले ते. ते मन लावून ऐकत होते. मुलगी आता केवढी, कुठे झाली, असं विचारता विचारता त्यांनी विचारलं, बाळंतपण सोपं होतं का?

"नाही," मी म्हणाले. "सिझेरियन झालं. रक्त फार गेलं होतं."

"मग रक्त चढवलं?"

"हो. पण ते आम्ही परत केलं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "परत केलं म्हणजे?"

"माझ्या भावानं परत केलं. त्याच दिवशी. जितकं घेतलं तितकं."

हे मी अभिमानानं सांगितलं. वर्गात हा प्रश्न, तुम्हाला कधी रक्त चढवलं आहे का, बाईंनी मला कितीदा विचारला असेल, आणि मी दर वेळी नाही म्हटलं होतं. आत्ता पडद्यावरही नाहीच दाबलं होतं. खोटं बोलायचं म्हणून नव्हे, देवाशपथ. माझ्या डोक्यात ते घेतलेलंच नव्हतं. घेतलं, दादानं दिलं, फिटलं. आमच्या घरात त्या दिवसाबद्दल बोलताना कुणी रक्त चढवलं म्हणतच नाही, दादानं सगळं केलं असं म्हणतात. बदल्यात दिलं की घेतल्याची नोंद पुसली जाते असं आम्हा सगळ्यांना वाटतं. अंगात गेलेलं मात्र अंगातच राहतं, हे मला तोवर सुचलं नव्हतं.

डॉक्टरांनी समजावलं. ज्याला एकदा रक्त चढवलं आहे, त्याचं रक्त इथे घेत नाहीत. चाचणीत न सापडणारं काही असू शकतं, म्हणून. प्लाझ्माही नाही.

"किती दिवस थांबू?" मी विचारलं. थांबायची मला सवय झाली होती.

"थांबून होणार नाही," ते म्हणाले, आणि खुर्चीत बसल्या बसल्या खोल वाकले. "तुमची भावना फार मोलाची आहे. माफ करा."

मी वाद घातला. मी ठणठणीत आहे म्हणाले, इतकी वर्षं झाली म्हणाले, भावाच्या मुलाची मुंज चुकवली म्हणाले, मुंजीला जपानी शब्द सुचला नाही तेव्हा मराठीतच म्हणाले. ते पुन्हा वाकले. बाहेर आले तर तिथल्या मुलीनं मला काहीतरी पिऊन जा म्हणून आग्रह केला. न देणाऱ्यालाही देतात म्हणे. मी मक्याचं गरम सूप घेतलं आणि त्या कॉमिकवाल्या मुलाकडे पाठ करून रडले.

खाली आले तर मुलगी धावत आली. "मामा, ओवात्ता?" म्हणजे आई, झालं का? मी मान हलवली. झालंच होतं. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. तो मुलीला घेऊन पुढे गेला आणि मी फलाटावरूनच ओसाकाला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तिनं उचलताच मी सांगून टाकलं, की मला नाही म्हणाले, कधीच घेणार नाहीत म्हणाले, तुला कुठे अजून माझा उपयोग असेल तर बघ. पाकीट दे, नको देऊस, काहीही कर.

ती म्हणाली, "ताई, आम्हाला तेव्हा चढवलेल्या रक्तानं अडलं नसतं. तुमचं चाललं असतं. पण आता तो अभ्यासच संपला हो."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मी तिला त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल सॉरी म्हणाले. ती म्हणाली, "अहो जाऊ द्या ना ताई, मी विसरलेसुद्धा." विसरली नव्हती, हे तिला आणि मला दोघींनाही माहीत होतं.

घरी आल्यावर एक वेडी आशा उरली होती. मी तेव्हा गुंगीत होते, मला काय चढवलं ते मी डोळ्यांनी कुठे पाहिलं होतं? नुसतं सलाइन असेल. तसं असेल तर सोमवारी जाऊन डॉक्टरांना सांगता येईल. मी दादाला फोन केला. त्याचं नुकतंच जेवण झालं होतं.

"काय, दिलंस का एकदाचं?" त्यानं विचारलं. मुंजीचा काटा अजून होता. मी झालेलं सांगितलं आणि विचारलं, "नक्की रक्तच चढवलं होतं ना रे मला?"

"मग काय! तीन पिशव्या. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर अवघड होतं." मग त्याचा आवाज मऊ झाला. "तुला आम्ही सगळं सांगितलं नाही तेव्हा. बाळंतिणीला कशाला घाबरवायचं."

"आणि तूच दिलंस ना बदल्यात? तू आणि तुझे मित्र?"

तो जरा अडखळला. "मी दिलं. माझा एक मित्र आला. पण रक्तपेढीवाले अडून बसले, जितक्या पिशव्या तितकी माणसं आणा. बाबांना शुगर, जावईबुवा बंगळूरला, दुसऱ्या मित्राला कावीळ होऊन गेलेली. एक माणूस कमी पडत होता आणि तिसरी पिशवी ते सोडेनात."

"मग?"

"मग वॉर्डबॉयनं एक माणूस आणून दिला. पैसे घेऊन देणारा. असतात तसे, तेव्हाही बंदी होती पण असायचेच. काउंटरवर त्याला तुझा दीर म्हणून उभा केला. आता इतक्या वर्षांनी सांगायला काय हरकत आहे."

पलीकडच्या खोलीत मुलगी नवऱ्याला जपानीत काहीतरी गोष्ट सांगत होती. माझ्या मनात जेवणाचं टेबल आलं, भाकरी खायला येणारी ती विद्यार्थिनी आली, आणि माझा तो प्रश्न आला, मी रक्त विकायला बसलेय का गं. ज्यानं विकलं त्याच्यामुळे ती तिसरी पिशवी सुटली होती. त्याच्यामुळे मी हे म्हणायला शिल्लक राहिले होते.

"कसा होता रे?" मी विचारलं.

"कसा म्हणजे? साधा होता. बारीक. चेहरा नाही आठवत."

"काही बोलला?"

"नाही... हां, एक बोलला. पैसे दिले ते त्यानं न मोजताच खिशात टाकले आणि विचारलं, बाळंतीण कशी आहे?"

"तू काय सांगितलंस?"

"काही नाही," दादा म्हणाला. "अशा माणसाशी काय बोलायचं? कुणी बघेल म्हणून लाज वाटत होती मला. मी तसाच जिना चढून वर आलो."

दादावर मी चिडले नाही. चिडायला तोंड नव्हतं. त्याच्या जागी मी असते तर मीही तशीच जिना चढून गेले असते, कदाचित त्याच्याहून ताठ मानेनं.

त्या माणसाचं नाव कुणी विचारलं नाही, त्यामुळे ते कुणाला माहीत नाही. बाळंतीण बरी आहे. बाळही बरं आहे. हे त्याला सांगायचं राहून गेलं, आणि आता सांगायचं म्हटलं तरी कुणाला सांगू?